वहीची मागची चार पानं

सासऱ्याला जावयाशी वैर धरायचं असेल तर त्यानं निदान वेगळं घर बघावं. मास्तरांना एवढी साधी गोष्ट जमली नव्हती. ते मुलीकडे राहत, वरच्या खोलीत. मुलगी आणि जावई खाली. जिना एक, नळ एक, जेवणाचं टेबल एक आणि वैरही एकच. त्यातल्या त्यात वैराची निगा मात्र चोख राखली जाई. जिन्याची तिसरी पायरी तीन वर्षं कुरकुरत होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मास्तर शाळेत भूमिती शिकवत आणि शाळा सुटली की जुन्या क्लबच्या मैदानावर फुटबॉल शिकवत. दोन्हीकडे विषय तोच. चेंडू ज्याच्या पायात आहे त्याला कुठल्याही क्षणी दोन सोबती मोकळे दिसले पाहिजेत, म्हणजे त्रिकोण झाला. आणि त्रिकोण मोडला की लगेच दुसरा उभा राहिला पाहिजे. "चेंडू आपल्याकडे असेपर्यंत समोरचा गोल करू शकत नाही," असं ते म्हणत. हे वाक्य इतकं खरं होतं की त्याला विरोध करायला कोणाला जागाच सापडत नसे. समोरचे अकरा जण तासभर चेंडूमागे पळत. सत्तराव्या मिनिटाला त्यांच्या जिभा बाहेर येत आणि मास्तरांची पोरं तोवर घाम पुसायलाही थांबलेली नसत, कारण घामच आलेला नसे.

पद्धत टिकावी म्हणून मास्तरांनी दोन नियम केले होते. एक, सलग किती पास झाले ते मोठ्यानं मोजायचं. पुढे प्रेक्षकही मोजू लागले. दुसरा, चेंडू जो आंधळेपणानं उंच उडवील त्यानं सरावानंतर मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या. कोणी पाय उचलला की मास्तर मैदानाबाहेरून दोन्ही हातांची दहा बोटं दाखवत. बोलायची गरज पडत नसे. एकोणीस वर्षं त्या दहा बोटांवर क्लब चालला.

मग एका वर्षी चषकाचा अंतिम सामना एका गोलनं गेला. समिती बसली. अध्यक्ष म्हणाले, "मास्तरांनी आता विश्रांती घ्यावी असं कोणाकोणाला वाटतं?" पहिला हात वर गेला तो सहायक प्रशिक्षकाचा. सहायक प्रशिक्षक म्हणजे जावई. त्या हातावर जी बाही होती ती मास्तरांनीच घेऊन दिलेल्या स्वेटरची होती. जावई हा दहावा ग्रह, असं जुनी माणसं सांगून गेली आहेत; पण हा ग्रह आपल्या लोकरीतून उगवेल असं मास्तरांना वाटलं नव्हतं.

कपाट रिकामं करताना सचिवांनी जाड पुठ्ठ्याची वही बाजूला ठेवून घेतली. "वही क्लबची मालमत्ता आहे, मास्तर," ते म्हणाले आणि किल्ली शोधायला बाहेर गेले. मास्तरांना जेमतेम अर्धं मिनिट मिळालं. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी वहीची शेवटची चार पानं फाडली आणि घडी करून मोज्यात घातली.

पहिल्या चाळीस पानांत पद्धतीचे गुण होते: आकृत्या, बाण, कोणी कधी कुठं सरकायचं. मागच्या चार पानांत दोष होते. मास्तर प्रामाणिक माणूस. एका पानावर एक दोष, आणि तळाशी 'उपाय' असं लिहून, खाली दोन रेघा मारून, जागा सोडलेली. ती जागा अजून सुटलेलीच होती. पण दोष मात्र पक्के होते. आपल्या लेकराचं कुठं दुखतं ते आईइतकं कोणाला ठाऊक असतं?

असं गुणांचं पुस्तक जावयाकडे गेलं आणि दोषांचं सासऱ्याच्या मोज्यात राहिलं.

एवढ्यावरही वैर कदाचित विझलं असतं. पण पुढच्याच वर्षी जावयानं त्याच वहीवर चषक जिंकला आणि वर्तमानपत्रातून एक बाई मुलाखत घ्यायला घरी आल्या. मास्तर जिन्यात, कुरकुरणाऱ्या पायरीच्या वरच्या पायरीवर उभे होते.

"ही पद्धत तुम्हाला कोणाकडून मिळाली?" बाईंनी विचारलं.

जावयानं छताकडे बघितलं. "सुचली," तो म्हणाला. "आंघोळ करताना."

त्या दिवसापासून जावई आंघोळीला गेला की मास्तर वरच्या मजल्यावरचे सगळे नळ सोडत. खालचं पाणी बंद पडे. पण हे किरकोळ. त्यांचा खरा निश्चय वेगळाच होता: या माणसाच्या तोंडून, चार लोकांसमोर, मोठ्यानं एक वाक्य वदवून घ्यायचं. 'ही पद्धत माझी नाही, माझ्या सासऱ्यांची आहे.' बस. बाकी चषकबिषक गेला खड्ड्यात.

खड्डा खणायला माणसं मात्र हवी होती. ती अचानक जिन्यातूनच वर आली.

झालं असं, की मास्तरांची मुलगी दातांची डॉक्टर. खालच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना. (घरात तिच्यासमोर सगळे तोंड उघडत ते फक्त दात दाखवायला.) तिनं नवी खुर्ची घेतली तेव्हा जुनी टाकवेना, म्हणून मास्तर म्हणाले, "माझ्या खोलीत ठेव. वाचायला बरी." तेव्हा सामान हलवणारी चार माणसं आली. खुर्ची लोखंडाची, दीड माणसाच्या वजनाची, बाजूला अवजारांचा फिरता ट्रे. जिना अरुंद, नऊ पायऱ्या, मग वळण, मग सात. आता आरडाओरडा होणार, भिंतीचा रंग जाणार, म्हणून मास्तर वर उभे राहून बघू लागले. तर चौघांनी खाली जमिनीवर बोटानं काहीतरी रेखाटलं, दोन मिनिटं कुजबुजले, उचललं आणि एक अक्षर न बोलता खुर्ची वर आली. वळणावर ती हवेत फिरली, पुढचा मागचा झाला, मागचा पुढचा. भिंतीला नखसुद्धा लागलं नाही.

"तुम्ही बोलत का नाही उचलताना?" मास्तरांनी त्यांच्या मुकादमाला विचारलं.

"ओझं हातात असताना बोलायला लागलो तर समजायचं, चुकलं," मुकादम कपाळ पुसत म्हणाला. "काय ते आधी बोलून घ्यायचं."

"आणि वळणावर दम लागला तर?"

"वळणावर थांबायचं नाही. ओझं धरून विचार करत बसलं की ओझं वाढतं, मास्तर. घ्यायचं ते पोचवायला."

मास्तर त्या खुर्चीत बसले. मोज्यातलं तिसरं पान आपोआप आठवलं.

"तुम्ही जुन्या क्लबचे ना?" मुकादम म्हणाला. "आमचाही संघ आहे चषकाला. हरतो, पण आहे. मागच्या वर्षी तुमच्या जावईबापूंनी सात गोल घातले. त्याचं काही नाही हो. पण चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. च्यायला, म्हटलं, हे पोचवणार कधी? कपाट उचलून तास तासभर जिन्यात उभं राहिल्यासारखं."

मास्तरांना राग आला. सूड आपल्याला घ्यायचा आहे हे खरं, पण म्हणून कोणीही उठावं आणि आपल्या पद्धतीला कपाट म्हणावं? त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग म्हणाले, "सराव कुठं करता?"

सराव गोदामाच्या मागच्या पटांगणात होई. गोदामात घोंगड्यांच्या चळती, दोरांची भेंडोळी आणि कोणीतरी न्यायला विसरलेली तीन कपाटं. संघात प्रत्येकाला सामानावरून नाव पडलेलं. मधला बॅक 'कपाट'. उंच, काटकुळा आघाडीवाला 'शिडी'. एक जण 'पियानो', कारण त्यानं एकदा एकट्यानं पियानो खाली उतरवला होता. कसा ते सांगत नसे, कारण पियानो त्यानंतर वाजला नव्हता.

मास्तरांनी मोज्यातली पानं काढली. तीन वर्षांत त्यांना मोज्याचा आकार आला होता.

"ऐका. ते चेंडू घेऊन फिरतील. फिरू द्या. मागे धावायचं नाही."

"म्हणजे उभं राहायचं?" शिडीनं विचारलं.

"उभं राहायचं. जिना सोडायचा नाही. तुम्ही धावलात की त्यांना जागा मिळते. उभे राहिलात की त्यांना नुसतं मोजता येतं. आणि एकदा का मोजण्यात रमले, की गोल मारायचा असतो हे विसरतात. हा पहिला दोष."

"दुसरा?"

"त्यांचे दोन्ही बाजूंचे बॅक वर चढतात. मागे अंगण मोकळं."

"तिसरा?"

तिसरा दोष सांगणं म्हणजे चहाडी होती. क्लबच्या मधल्या फळीत 'घड्याळ' नावाचा खेळाडू होता. मास्तरांनी तो स्वतः घडवला होता, अकरा वर्षांचा असल्यापासून. सगळे पास त्याच्यातून जात, टिकटिक टिकटिक. मागून चेंडू घेताना त्याची पाठ गोलकडे असे आणि तो नेहमी उजवीकडूनच वळे. पोरवयात डावा गुडघा दुखायचा, म्हणून मास्तरांनीच तशी सवय लावली होती. गुडघा कधीच बरा झाला. सवय राहिली.

"तो उजवीकडून वळतो," मास्तर म्हणाले. "दर वेळी."

"आणि चौथा?" मुकादमानं विचारलं.

"चौथा माझ्याकडे राहू दे," मास्तर म्हणाले आणि ते पान परत मोज्यात गेलं.

घोंगड्यांचे गठ्ठे मांडून त्यांनी दोन महिने सापळा बसवला. चेंडू कुठंही जावो, त्यांच्या मधल्यांना झाकायचं आणि डाव्या बॅकला मुद्दाम मोकळं सोडायचं. तिथं चेंडू गेला की बाकीची दारं बंद. उरते एकच वाट, घड्याळाकडे. मुकादमाला हे दोन मिनिटांत कळलं. "वळणावर एकानं आधीच उभं राहायचं," तो म्हणाला. "खुर्ची आपण होऊन हातात येते."

सामानवाले जिंकत गेले. आणि काळ कसा असतो बघा, अंतिम सामन्यात समोर जुना क्लबच आला. आदल्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तिघं बसले होते. सासरा-जावई एकमेकांशी बोलत नसत, मुलीशी बोलत.

"त्यांना म्हणावं, मीठ इकडे द्या," मास्तर.

"त्यांना म्हणावं, मीठ ताब्यात असलं की समोरच्याला अळणी खावं लागतं," जावई.

"दोघांचे दात माझ्या हातात आहेत," मुलगी म्हणाली आणि मीठदाणी स्वतःच्या पुढ्यात ओढून घेतली.

जेवण झाल्यावर ती वर आली. मास्तर दातांच्या खुर्चीत आडवे पडून फिरत्या ट्रेवर बाटल्यांची झाकणं मांडत होते. काळी झाकणं क्लब, पांढरी सामानवाले.

"बाबा, हा सामना हरला तर समिती त्याला काढेल."

"मला काढलं होतं."

"तेच म्हणतेय. कसं वाटतं ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"चांगलंच माहीत आहे. म्हणूनच."

"तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

"एक वाक्य," मास्तर म्हणाले. "त्याला मी सामना देईन, चषक देईन, मीठसुद्धा देईन. माणसांसमोर एकदा म्हणू दे, पद्धत कोणाची ते."

"मी सांगते त्याला."

"तू सांगून नको. त्याच्या पोटातून यायला हवं."

मुलगी जिना उतरून गेली. तिसरी पायरी कुरकुरली. मास्तरांनी एक पांढरं झाकण काळ्याच्या उजवीकडे सरकवलं.

सामन्याच्या दिवशी मैदान भरलं होतं. जुन्या क्लबच्या प्रेक्षकांनी पहिल्याच मिनिटापासून मोजायला सुरुवात केली. "अकरा! बारा! तेरा!" सामानवाले उभे. चेंडू त्यांच्यासमोरून जाई, ते मान वळवत. कोणीतरी ओरडलं, "अरे, भाड्यानं आणलेत का रे?" मुकादम, जो कप्तानही होता, शांतपणे म्हणाला, "हो."

तेविसाव्या मिनिटाला मात्र काहीतरी झालं. घड्याळानं चेंडू डावीकडे दिला, तिथून आत, आतून मागे, मागून पुन्हा घड्याळाकडे. तीन त्रिकोण एकात एक उलगडले, कपाट एका पावलानं चुकीच्या जागी सरकला आणि त्या एका पावलाच्या फटीतून चौतिसावा पास गेला. गोल. साबणाच्या वडीवरून बोट फिरावं इतका अलगद. वहीचं सतरावं पान, जसंच्या तसं. मास्तर अर्धे उठले. हात टाळीसाठी वर आले होते. मैदानातून मुकादमानं त्यांच्याकडे बघितलं. मास्तरांनी ते हात तसेच नेऊन चष्मा पुसला.

समोरच्या बाकावर जावई उभा होता. त्याच्या तोंडात मास्तरांची शिट्टी होती. अंगात तो स्वेटरही होता. मास्तरांचे ओलावलेले डोळे कोरडे झाले.

एक गोल मिळाल्यावर क्लबला दुसरा हवाच होता असं नाही. त्यांना आकडा हवा होता. "एक्कावन्न! बावन्न!" प्रेक्षक उभे राहून मोजत होते. मोकळी संधी आली तर पोरं मारायच्याऐवजी आणखी एक पास देत, कारण मारला तर मोजणी थांबते. जावयालाही ते आवडलं असावं. तो हातानं ताल धरत होता. पहिलं पान, मास्तर मनात म्हणाले.

एकसष्टाव्या मिनिटाला डावा बॅक मोकळा दिसला. चेंडू त्याच्याकडे गेला. पांढऱ्या शर्टांनी सगळी दारं लावली. उरली एक वाट. घड्याळानं चेंडू घेतला, पाठ गोलकडे, आणि वळला. उजवीकडून. तिथं शिडी आधीपासूनच उभी होती, जिन्याच्या वळणावर उभी असते तशी. चेंडू तिच्या पायात गेला. दोन्ही बॅक वर गेलेले, मागे अंगण रिकामं. प्रेक्षकांमधला एक म्हातारा "त्रेचाळीस" म्हणाला आणि चेंडू त्यांच्याच जाळीत होता. एक-एक.

घड्याळ तिथंच उभा राहिला. त्यानं स्वतःच्या डाव्या गुडघ्याकडे बघितलं. मग हळूच मान वर करून मास्तरांकडे बघितलं. मास्तर त्या वेळी बुटाची नाडी बांधत होते. बूट बिनानाडीचे होते.

त्यानंतर मोजणी बंद झाली. क्लबची पोरं घाईत आली, आणि या पद्धतीला घाई झेपत नाही. त्रिकोणाची एक बाजू आखूड झाली की बाकीच्या दोन भांडायला लागतात. सहा मिनिटं उरली असताना चेंडू मागे मागे जात गोलकीपरपर्यंत पोचला. गोलकीपर चष्मेवाला, शांत डोक्याचा पोरगा. त्याच्यावर समोरून पियानो, कपाट आणि मुकादम चालून येत होते, न बोलता, एका ओळीत. तिघांच्या मागे मैदान मोकळं. एक सणसणीत लाथ मारायची आणि सुटायचं. शाळकरी पोरानंही मारली असती.

"उडव!" जावई ओरडला. शिट्टी तोंडातून पडली. "अरे, उडव!"

गोलकीपरनं पाय मागे घेतला. आणि थांबला. लहानपणापासून पाय असा मागे घेतला की त्याचे डोळे आपोआप मैदानाबाहेर एका माणसाला शोधत. जावयाकडे बघायची त्याला सवय नव्हती. जावयानं त्या नियमात आपली म्हणून एकच भर घातली होती, दहाच्या पंधरा फेऱ्या केल्या होत्या, आणि आता तोच माणूस उडव म्हणतोय हे त्याला खरं वाटेना. डोळे शोधत शोधत सामानवाल्यांच्या बाकावर गेले.

तिथं मास्तर उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले. दहा बोटं.

हे चौथं पान होतं.

गोलकीपरचा पाय खाली आला. त्यानं चेंडू अदबीनं, जसा शिकवला होता तसा, बाजूला द्यायला घेतला. पियानोनं तो वाटेतच उचलला आणि एकट्यानं खाली उतरवला. दोन-एक.

सामना संपला तेव्हा सामानवाल्यांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं. घेताना कोणी काही बोललं नाही आणि त्यांना कुठंही लागलं नाही. त्या बाबतीत ती माणसं कसबी होती. तेवढ्यात वर्तमानपत्राच्या त्याच बाई आल्या, हातात रेकॉर्डर. भोवती दोनेकशे माणसं जमली. त्यांनी जावयाला विचारलं, "तुमच्या पद्धतीचे आज इतके वाभाडे निघाले. काय सांगाल?"

जावयानं यावेळी छताकडे बघितलं नाही, छत नव्हतं. त्यानं मास्तरांकडे बघितलं, खांद्यांवर, गर्दीच्या वर.

"माझी पद्धत?" तो मोठ्यानं म्हणाला. "ही पद्धत माझी नाहीच. माझ्या सासऱ्यांची आहे. सगळी त्यांची. दहा फेऱ्यांसकट."

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी मास्तर झुरले ते वाक्य शब्दाला शब्द, माणसांसमोर, मोठ्यानं बोललं गेलं. आणि दोनेकशे माणसं खळखळून हसली.

"मास्तर, खरं आहे हे?" बाईंनी रेकॉर्डर वर धरला.

नाही म्हणावं तर दोन वर्षांची तपश्चर्या पाण्यात. हो म्हणावं तर वाभाडे आपले. मास्तरांना पहिल्यांदाच कळलं की खांद्यावर बसलेल्या माणसाला पळून जाता येत नाही.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण त्यानं अर्धीच उचलली. चोरी करावी तर पुरती करावी. उरलेली अर्धी माझ्यापाशी आहे. ती असती तर आज आम्ही हरलो असतो."

हशा थांबला. बाईंनी लिहून घेतलं. खाली मुकादम हळूच म्हणाला, "मास्तर, ती अर्धी म्हणजे आम्हाला शिकवलीत तीच ना?"

सोमवारी वर्तमानपत्रात मथळा आला: 'पद्धत सासऱ्यांची, पराभव जावयाचा.' त्याच दिवशी समिती बसली. समित्या विचार करतात तेव्हा फार खोल करतात. सचिवांनी मुद्दा मांडला की पद्धत जर प्रशिक्षकाची नाही तर दोषही त्याचा नाही. तो मास्तरांचा, आणि मास्तरांना तर आपण तीन वर्षांपूर्वीच काढलेलं आहे. शिक्षा आधीच देऊन झाल्याचं सर्वांना समाधान वाटलं. जावयाची जागा कायम राहिली. ज्या वाक्यासाठी मास्तरांनी त्याला मैदानात गाडलं त्याच वाक्याला धरून तो वर आला.

दुपारी जेवताना मीठ मुलीच्या पुढ्यातच होतं. जावयानं काखेतून जाड पुठ्ठ्याची वही काढली आणि टेबलावर ठेवली. मागचं पान उघडलं. शिवणीजवळ फाटलेल्या कागदाचे चार दाते दिसत होते.

"बाबा," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा थेट. "हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तीन वर्षं वाट बघतोय, तुम्ही ती पानं कधी बाहेर काढता याची."

मास्तरांचा घास हातातच राहिला.

"काल बघितली. चारही." त्यानं बोटं मोजली. "मोजण्यात रमणं, मागचं अंगण, घड्याळाचं वळण आणि तुमची दहा बोटं. मी लिहून घेतली. आता वही पूर्ण आहे. फक्त उपाय तेवढे राहिले. ते तुमच्याकडे आहेत म्हणे. पेपरात आलंय."

"आहेत," मास्तर म्हणाले.

"दाखवा ना मग."

"सामन्यात दाखवीन."

"कोणाच्या?" मुलीनं विचारलं. "उपाय दाखवायचा तर तीच पद्धत खेळायला लागेल, बाबा. आणि तुमचे सामानवाले तर ओझं दोन सेकंदांच्या वर धरत नाहीत."

मास्तर पाणी न पिता उठले. वर जाऊन खुर्चीत बसले आणि मोज्यातली पानं ट्रेवर पसरली. चार दोष, चार वेळा 'उपाय', आठ रेघा, आणि त्यांच्या खाली एकोणीस अधिक तीन वर्षांची पांढरी जागा. त्यांनी काळी झाकणं मांडली. समोर पांढरी मांडली, जिन्याच्या वळणावर एक, दारांवर तीन. मग काळ्या बाजूनं बघू लागले. कुठूनही वाट निघेना. ज्या कोण्या माणसानं हा सापळा बसवला होता तो हरामखोर होता. त्यानं एक फट ठेवली नव्हती.

तेवढ्यात खालून आवाज आला. टक. थोडा वेळ शांतता. पुन्हा टक, टक. जेवणाच्या टेबलावर कोणीतरी बाटल्यांची झाकणं सरकवत होतं.

मास्तर कान देऊन ऐकत राहिले. खालचं तिसरं झाकण वरच्यापेक्षा बरंच पुढे सरकल्यासारखं वाटलं. ते उठले, दाराला आतून कडी घातली, पेन्सिलीला टोक केलं आणि जावई आंघोळीला गेलेला नसतानाही वरचे सगळे नळ सोडून ठेवले.